टायरची हवा नेमकी मोजायची तर आधी आपला गेज ओळखा

सव्वा महिना मी एका गळतीच्या मागे लागलो होतो. पुढचं डावं चाक. आज ३३ पीएसआय (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच) भरावं आणि चार दिवसांनी पाहावं तर ३०. पुन्हा भरावं, तर पुढच्या खेपेला चक्क ३६! साबणाचं पाणी फासून झालं, व्हॉल्वची पिन बदलून झाली, चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवून झालं. बुडबुडा म्हणून निघाला नाही. मग एके दिवशी खणात हात घातला तर एकाच बनावटीचे, एकाच रंगाचे दोन गेज हाताला लागले. त्यातला एक कधीतरी फरशीवर आपटला होता आणि ३ पीएसआय कमी दाखवत होता. चाक ठणठणीत होतं. खणातून हाताला येणारा गेज तेवढा बदलत होता.

संशय त्या एकाच चाकावर होता, म्हणून बाकीची तीन मोजायचं सुचलंच नाही. मोजली असती तर तीही तशीच ‘गळताना’ दिसली असती आणि पहिल्याच आठवड्यात डोक्यात प्रकाश पडला असता.

तेव्हापासून हवेची वही आणि हत्यारांची वही या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही. कुठल्या गेजने मोजलं हे माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही, आणि गेज कुठे असतो, कुणी पाडला, शेवटचा कधी तपासला हे माहीत नसेल तर त्या गेजला अर्थ नाही. नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी हा सगळा क्रम इथे लिहून ठेवतो. घरच्या एका गाडीपुरतंच करायचं असेल तरी चालेल, फक्त आठवी-नववी पायरी मग छोटी होईल.

हाताशी काय हवं

- ६० पीएसआयपर्यंतचा एक चांगला गेज, जो रोज वापरायचा नाही, नुसता ताडून पाहायचा
- रोजच्या वापराचा गेज, शक्यतो हवा सोडायचं बटण असलेला
- पंप किंवा कॉम्प्रेसर
- व्हॉल्वची पिन काढायची किल्ली, दोन-चार जादा पिना आणि टोप्या
- साबणाचं पाणी आणि ब्रश
- साधा तापमापक
- दोन वह्या, पुसलं न जाणारं मार्कर पेन, रंगीत चिकटपट्टी, ऑइलपेंटची छोटी डबी

१. आधी आकडा कुठला हवा ते शोधा

चारचाकीत बहुधा चालकाच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आत असतं. मोटरसायकलवर चेनगार्डवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, तसेच एकट्याने फिरताना आणि गाडी पूर्ण भरल्यावरचेही. स्टिकर गेलेलं असेल तर गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा.

इथला हमखास खड्डा म्हणजे टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा. नवखे लोक तेवढी हवा भरून मोकळे होतात. तो त्या टायरचा कमाल दाब आहे, तुमच्या गाडीला हवा असलेला नव्हे. तोच टायर चार वेगवेगळ्या वजनांच्या गाड्यांना बसतो, मग टायर बनवणाऱ्याला तुमची गाडी कुठून माहीत असणार? त्याला अपवाद बारीक, तात्पुरत्या स्टेपनीचा. तिच्या अंगावर भरायचा दाबच लिहिलेला असतो, पुष्कळदा ६० पीएसआय. स्टेपनी तपासायची राहते आणि लागते तेव्हा तीच बसलेली निघते, म्हणून तिलाही वहीत पाचवा रकाना द्या.

एककांची गल्लत टाळा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. काही जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतं, ते १४.२ पीएसआयला एक. २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय, एवढं पाठ असलं तरी निम्मं काम भागतं.

२. गेज निवडताना तबकडीवरचा शेवटचा आकडा पाहा

गेज तीन प्रकारचे. पेनसारखा, ज्यातून पट्टी बाहेर येते, तबकडीचा, आणि डिजिटल. पेनचा खिशात राहतो आणि सहज बिघडत नाही, पण पट्टीवरच्या रेघा एकेक-दोनदोन पीएसआयच्या, त्यामुळे नजरेचा घोळ होतो. तबकडीच्या गेजमध्ये बहुधा पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी असते. हवा भरली की ती किंचित सरळ होते आणि तेवढ्यावर काटा फिरतो. युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ मध्ये ही युक्ती काढली आणि आजही ती तशीच चालते. पण नळी आणि तिचे बारीक दाते आपटणं सोसत नाहीत. गेज पडला की काचेला तडा नसला तरी तो संशयित धरायचा.

आता महत्त्वाचं. गेजची अचूकता बहुतेक वेळा पूर्ण पट्ट्याच्या, म्हणजे शून्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतच्या, टक्क्यांत सांगितलेली असते. ‘३-२-३’ असं लिहिलेल्या गेजमध्ये पट्ट्याच्या मधल्या अर्ध्या भागात चूक २ टक्के आणि दोन्ही टोकांच्या पाव-पाव भागांत ३ टक्के धरलेली असते, आणि हे टक्के पूर्ण पट्ट्याचे. म्हणजे १६० पीएसआयच्या गेजवर ३३ मोजलं तर ते खालच्या पाव भागात येतं आणि चूक ४.८ पीएसआयपर्यंत जाऊ शकते. त्याच दर्जाच्या ६० पीएसआयच्या गेजवर ३३ हे मधल्या भागात येतं, चूक फार तर १.२. गेजचा दर्जा तोच, फरक चौपट. जो दाब मोजायचा आहे त्याच्या सुमारे दुप्पट पट्टा असलेला गेज घ्या. ट्रकच्या टायरांना वेगळा, गाडीच्या टायरांना वेगळा.

डिजिटल गेजवर ३३.४ असं दशांशात दिसतं म्हणून तो अचूक, हा भ्रम आहे. पडद्यावर दशांश दाखवणं सोपं असतं, तो खरा असणं वेगळं. बॅटरी उतरलेली असेल तर काही डिजिटल गेज गप्प न बसता खुशाल चुकीचं बोलतात.

३. गेजची परीक्षा घ्या

हातातल्या सगळ्या गेजना क्रमांक द्या: गे-१, गे-२, गे-३. क्रमांक ठोकून कोरू नका, हातोडीचा तोच दणका गेज बिघडवेल. चिकटपट्टीवर लिहून डकवा. सगळ्यांत चांगला गे-१. तो मऊ कापडात गुंडाळून, डब्यात, बंद कपाटात. तो कुणालाही उसना द्यायचा नाही, मालकालाही नाही.

मग सकाळी थंड टायर घ्या. आधी गे-१, मग गे-२, मग गे-३, शेवटी पुन्हा गे-१. दुसऱ्यांदा गे-१ ने तेवढंच दाखवलं, तर मधल्या काळात हवा गेली नाही याची खात्री होते. समजा गे-१ ने दोन्ही वेळा ३३ आणि गे-२ ने ३१.५ दाखवलं, तर गे-२ च्या पट्टीवर लिहा: ‘३३ जवळ १.५ मिळवा’. ‘३३ जवळ’ हे शब्द गाळू नका. ३३ ला दीड कमी दाखवणारा गेज ५० लाही दीडच कमी दाखवेल असं नसतं.

एकच गेज असेल तर निदान तो स्वतःशी प्रामाणिक आहे का ते पाहता येतं. एकाच टायरवर लागोपाठ पाच वेळा मोजा. पाचही आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत आले तर गेज निदान बोललेलं बदलत नाही. तो नेहमी २ कमी बोलत असला तरी त्याच्याशी जमवून घेता येतं. दर खेपेला वेगळं बोलणाऱ्याचं काहीच करता येत नाही, तो फेकून द्या. खणात ठेवू नका, कारण खणातला कुणीतरी उचलतोच.

गेज टायरला लावलेला नसताना काटा शून्यावर येतो का, हेही दर वेळी बघा. आला म्हणजे गेज बरोबर असं नाही, पण नाही आला तर नक्की चूक आहे.

४. टायर थंड हवा

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान ३ तास उभी, किंवा त्यानंतर सावकाश दीड किलोमीटरच्या आतच चाललेली. चालल्यावर टायर तापतो आणि आतली हवा ४ ते ६ पीएसआयने सहज चढते.

नुसत्या हवामानानेही फरक पडतो. पहाटे १५ अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय असलेला टायर, एक श्वासभर हवाही न भरता, दुपारी ३५ अंशांना ३६ च्या थोडा वर दाखवेल. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून हिशोब करताना आधी १४.७ मिळवायचे, मग तापमानाच्या प्रमाणात वाढवायचं आणि शेवटी १४.७ वजा करायचे. इतकं गणित नको असेल तर ढोबळमानाने दर ६ अंशांना १ पीएसआय धरा. एका बाजूच्या चाकांवर ऊन असेल तर त्या बाजूचे आकडे वर दिसतील, त्यावरून दुसरी बाजू गळतेय असं ठरवू नका.

नायट्रोजन भरलाय म्हणून हे लागू नाही, असं सांगणारे भेटतील. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि शुद्ध नायट्रोजनही तापला की तसाच फुगतो.

५. प्रत्यक्ष मोजणं

टोपी काढा आणि खिशात टाका, जमिनीवर ठेवू नका. व्हॉल्वच्या तोंडाशी चिखल असेल तर पुसा. गेज व्हॉल्वच्या रेषेत सरळ धरून एकाच दमात दाबा. फुस्स आवाज एकदा येऊन थांबला पाहिजे. फुसफुस चालू राहिली तर गेज तिरका बसलाय आणि आकडा कमी येणार, तो लिहू नका. दोन आकडे जुळेपर्यंत पुन्हा मोजा.

काही गेज आकडा धरून ठेवतात, काढल्यावरही काटा तिथेच राहतो. सोय छान, पण बटण दाबून काटा शून्यावर आणायचा विसरलात आणि पुढचं चाक कमी हवेचं असलं, तर तुम्हाला मागच्याच चाकाचा आकडा दिसत राहतो. चारही चाकं तंतोतंत सारखी आली की मी खूश होत नाही, हे बटण दाबलं होतं का ते आठवतो.

सायकलचं थोडं वेगळं. बारीक, लांब, वर छोटी चक्री असलेल्या प्रेस्टा व्हॉल्वला गाडीचा गेज बसत नाही, त्याचं तोंड वेगळं हवं आणि मोजण्याआधी ती चक्री सैल करावी लागते. शिवाय सायकलच्या टायरात हवा थोडी आणि दाब जास्त, त्यामुळे दर मोजणीला जाणारी हवा तिथे आकड्यात दिसते. गाडीच्या टायरात ती नगण्य.

६. हवा भरणं आणि सोडणं

तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. ही चूक सगळेच एकदा तरी करतात. थंड असताना ३३ असलेला टायर लांबच्या प्रवासात ३७ झाला, तुम्ही ‘जास्त झाली’ म्हणून ३३ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २९ च्या आसपास असेल.

घरी पंप नसेल तर ही युक्ती करा. निघण्यापूर्वी थंड टायर मोजा आणि प्रत्येक चाकाला किती कमी आहे ते लिहा, समजा मागच्या उजव्याला ४. हवा भरायच्या ठिकाणी पोचेपर्यंत टायर तापलेला असेल आणि तिथला गेजही तुमच्या ओळखीचा नसेल. काही हरकत नाही. तिथे जो आकडा दिसेल त्यात ४ मिळवून भरा. ३५ दिसलं तर ३९. त्यांचा गेज दोन कमी-जास्त दाखवत असला तरी भरण्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक बहुतेक बरोबरच येतो. दुसऱ्या सकाळी आपल्या गेजने खात्री करून घ्या.

गाडीत दाबाची सूचना देणारा दिवा आहे, मग कशाला हा खटाटोप? तो दिवा उशिरा लागतो. अमेरिकेतल्या नियमात तो ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागणं अपेक्षित आहे. म्हणजे ३३ चा टायर जवळपास २५ वर आल्यावर. तोवर कडा झिजायला लागलेल्या असतात.

भरून झाल्यावर टोपी लावा. तिच्यामुळे पिनेत धूळ-पाणी जात नाही आणि पिनेतून बारीक हवा जात असली तर तीही काही प्रमाणात अडते.

७. हवेची वही

रकाने एवढेच: तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, गेजचा क्रमांक, पाच चाकांचे आधीचे आकडे, नंतरचे आकडे. एक ओळ वाचायला अशी: ‘सकाळी ७, १८ अंश, गे-२, पुढे ३१-३१, मागे ३०.५-२७, स्टेपनी ५८, सगळं ठीक केलं’. गेज जो आकडा दाखवतो तोच लिहा, मनात मिळवणी करून लिहू नका. मिळवणी पट्टीवर लिहिलेली आहेच, नंतर कुणालाही करता येते. कुणी मनात केली आणि कुणी नाही, अशी वही मात्र कुणालाच वाचता येत नाही.

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी मोजा. चांगल्या टायरातूनही रबरातून झिरपून महिन्याला १ पीएसआयच्या आसपास हवा जाते. चारही चाकं सारखीच उतरली तर ते झिरपणं, थंडी किंवा गेज. एकच चाक बाकीच्यांपेक्षा भराभर उतरलं तर ती गळती.

८. हत्यारं मोजा, मग त्यांना घर द्या

आता दुसरी वही. एक दिवस काम बंद ठेवा आणि सगळी हत्यारं जमिनीवर काढा. रिंग पाने, फिक्स पाने, गोट्या (सॉकेट), पकडी, पेचकस, एलन की, जॅक, टॉमी, सगळं. मांडून फोटो काढा. तुटकी आणि चेपलेली बाजूला करा. मग लिहा: क्रमांक, वस्तू, माप, जागा, शेरा. संच असेल तर नग लिहा, ‘गोटीसेट, २४ नग’. नुसतं ‘गोटीसेट’ लिहिलं तर २३ राहिल्या तरी वही म्हणेल सगळं जागेवर आहे. आणि तो हरवलेला चोविसावा नग १० एमएमचाच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

रकाने वाढवायचा मोह होईल. मी पहिल्यांदा संगणकावर चौदा रकान्यांचा तक्ता केला होता: खरेदीची तारीख, धातू, वॉरंटी, काय वाटेल ते. तो तीन आठवडे चालला. पाच रकान्यांची वही अजून चालू आहे.

जागा नेमायची सर्वात साधी पद्धत म्हणजे भिंतीवर फळी, त्यावर हत्यार टांगायचं आणि त्याच्या आकाराची रेघ ठळक रंगाने ओढायची. रिकामी आकृती दुरूनच ओरडते. खणांसाठी दोन रंगांचा फोम घ्या, वरचा काळा, खालचा पिवळा. वरच्यात हत्यारांच्या आकाराचे खाचे कापा. हत्यार नसेल तिथे पिवळं दिसतं. नीटनेटकेपणासाठी हे करत नाही. वही न उघडता, एका नजरेत, काय नाही ते कळलं पाहिजे.

ओळखीसाठी प्रत्येक हत्यारावर एकाच रंगाचा पट्टा द्या. शेजारच्या माणसाची हत्यारं मिसळली की तो रंगच वाद मिटवतो. टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळणाऱ्या पान्यावर, मात्र वेगळी चिठ्ठी हवी. ‘कट’ आवाज करणारा टॉर्क रेंच काम झाल्यावर त्याच्या पट्टीवरच्या सर्वात कमी खुणेवर आणून ठेवतात, त्याखाली नाही. आणि वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरून झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा, तो तपासून घेतात. ती तारीख चिठ्ठीवर असू द्या. गे-१, गे-२ सुद्धा याच वहीत, आणि शेरा या रकान्यात ‘पडला’ हा शब्द लिहायला कुणाला लाज वाटू देऊ नका. पाडणाऱ्याला रागावलात तर पुढचा माणूस गेज मुकाट्याने खणात ठेवून देईल. माझ्याकडे तेच झालं होतं.

९. देवघेव आणि दिवसअखेर

दोनपेक्षा जास्त माणसं काम करत असतील तर प्रत्येकाला नाव लिहिलेले पाच-सहा बिल्ले द्या. हत्यार उचललं की त्या जागी बिल्ला टांगायचा. पाच बिल्ले संपले की सहावं हत्यार मिळत नाही, आधीचं परत आणावं लागतं. उसनं बाहेर गेलं तर वहीत नाव आणि तारीख, तोंडी नाही.

मोजणी दोनदा. एक, गाडीचं बॉनेट बंद करायच्या आधी. इंजिनच्या खोबणीत राहिलेला पाना पट्ट्यात किंवा पंख्यात गेला तर काय होतं ते सांगायला नको. विमानांच्या देखभालीत एखादं हत्यार जुळत नसेल तर ते सापडेपर्यंत किंवा ते विमानात नाही याची खात्री होईपर्यंत विमान सोडत नाहीत. गाडीसाठी पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे? हत्यार तुटलं तर सगळे तुकडे जुळवून पाहा. दोन, दिवस संपताना. फळीकडे एक नजर, खणांकडे एक नजर, जे नाही ते त्याच संध्याकाळी शोधायचं. उद्यावर टाकलेलं हत्यार कोणत्या गाडीबरोबर गेलं हे उद्या कुणालाच आठवत नाही.

१०. वहीत खरी गळती दिसली तर

गेज तोच, सकाळ तशीच, आणि तरी एक चाक बाकीच्यांना मागे टाकून उतरतंय. आता साबणाचं पाणी काढा. आधी व्हॉल्वच्या तोंडात एक थेंब. फुगा आला तर किल्लीने पिन किंचित आवळा. तरीही आला तर चाक जमिनीवरून उचलून, सगळी हवा सोडून पिन बदला. भरलेल्या टायरची पिन उलटी फिरवली तर ती डोळ्याच्या दिशेने उडते, म्हणून तोंड बाजूला ठेवा. पिन अंगाला लागेल इतकीच आवळायची, जोर लावायचा नाही. मग व्हॉल्वच्या बुडाशी, जिथे तो रिममधून बाहेर येतो तिथे फासा. जुन्या रबराला तिथे चिरा पडतात. मग टायर आणि रिम यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी गोल. शेवटी टायरचा माथा, चाक फिरवत फिरवत. खिळा दिसला तर उपटू नका. खडूने खूण करा आणि पंक्चर काढणाऱ्याकडे तसाच न्या. खिळा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर टायर बहुधा बदलावाच लागतो.

काय सापडलं ते हवेच्या वहीत त्याच ओळीपुढे लिहा आणि पुढचे आठ दिवस रोज सकाळी त्याच गेजने मोजा. पिन काढायची किल्ली तेवढी लगेच तिच्या खाचेत ठेवा. इतकी लहान असते की पिवळा फोम दिसेपर्यंत ती गेल्याचं लक्षातही येत नाही.